रेस सोडल्यावर

परवा नातवाच्या विजेवरच्या स्कूटरवर मागे बसून निगडीला गेले होते. भक्ती-शक्ती चौकात सिग्नल लागला आणि स्कूटर एकदम चिडीचूप झाली. मी दचकून म्हटलं, "अरे, बंद पडली वाटतं!" तो हसायलाच लागला. म्हणाला, "आजी, ही बंद पडत नाही. थांबली की गप्प असते."

आता मला सांगा, पन्नास वर्षं चिंचवड-आकुर्डीच्या पट्ट्यात काढलेल्या बाईला हे कसं सुचणार? आमच्या लेखी गाडी उभी असली तरी तिची धडधड चालू हवी. धडधड थांबली म्हणजे बिघाड. "रेस सोडली की बंद पडते" ही तक्रार मी जेवढ्या वेळा ऐकली असेल, तेवढ्या वेळा वर्गात "बाई, पाणी प्यायला जाऊ?" हेही ऐकलं नसेल. स्कूटर असो, टेंपो असो, शेतावरचा पंप असो की होडी असो, तक्रार तीच.

त्यावरून बरंच काही आठवलं. आमचे हे आयुष्यभर इंजिनांच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. मी मराठी आणि इतिहास शिकवणारी, साधी बी. ए. इंजिनातलं जे काही थोडंफार कळतं ते यांच्याकडून, आणि बरंचसं एका होडीमुळे. त्या होडीची गोष्ट सांगायचीच आहे, पण इतिहासाच्या बाईंची खोड जात नाही, म्हणून आधी थोडं मागे जाऊ या.

शाळेच्या स्नेहसंमेलनात स्लो सायकलची शर्यत असते, आठवतं ना? जो सगळ्यांत शेवटी पोहोचेल आणि पाय जमिनीला लावणार नाही, तो जिंकला. भरधाव सायकल चालवणारी भली भली पोरं तिथे दोन हातांवर आडवी होतात. हे मला म्हणाले होते, "इंजिनाचं तसंच आहे. जोरात कुठलंही पळतं. कामगाराची परीक्षा ते हळू चालवण्यात असते." या हळू चालण्याला कारखान्यात आयडलिंग म्हणतात, मेकॅनिक नुसतं 'स्लो' म्हणतात. काम काहीच करायचं नाही, पण जिवंत राहायचं.

गंमत अशी, की वाफेच्या इंजिनाला ही अडचण नव्हती. आमच्या आजोबांच्या काळी मुंबईहून दाभोळला आगबोट यायची. बोट नांगर टाकून उभी राहिली की तिचं यंत्रही उभं राहायचं. बॉयलरमध्ये वाफ धरलेली असायची. निघताना झडप उघडली की यंत्र पुन्हा फिरायला लागायचं. थांबणं म्हणजे मरणं नव्हे. तेलावरच्या इंजिनाचं तसं नाही. त्याला पुढचा श्वास घ्यायला आधीच्या फेरीची गती लागते. फिरायचं थांबलं की संपलं, पुन्हा हँडल मारा.

वाफेच्या यंत्राचीही गती स्थिर ठेवावी लागेच. जेम्स वॉटने १७८८ मध्ये त्यासाठी फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. मूळ कल्पना पवनचक्क्यांवर दळण दळणाऱ्यांची होती. यंत्र जोरात फिरलं की दोन गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफ कमी करतात. मंदावलं की गोळे आत येतात आणि वाफ वाढते. पुढे डिझेल इंजिनातही हीच युक्ती आली, फक्त गोळ्यांची लहान वजनं झाली आणि वाफेच्या जागी इंधन आलं. पण यात एक खोच आहे. गती निम्मी झाली की वजनांचा बाहेर जाण्याचा जोर निम्मा होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येतो. १८०० फेऱ्यांचं इंजिन ६०० वर आणलं की जोर नवव्या हिश्श्यावर! मग दांड्यात थोडा गंज असला, सांधा जरा अडकला, तरी एवढ्याशा जोराला तो हलत नाही. फ्लायव्हीलचंही तेच गणित. त्यात साठलेली शक्तीही नवव्या हिश्श्यावर येते. जोरात चालताना एखादा ठोका चुकला तर ते जड चाक सांभाळून घेतं. हळू चालताना ठोका चुकला की सांभाळायला शिल्लकच काही नसते. म्हणून बिघाड बारीक असला तर तो आधी स्लोवर दिसतो. भरधाव वेगात तो झाकला जातो.

तेलाच्या इंजिनाच्या जन्मापासून हे दुखणं त्याच्या मागे लागलेलं आहे. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज गृहस्थाने १८९० मध्ये पेटंट घेतलेलं इंजिन ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीने १८९२ पासून विकायला सुरुवात केली. त्याला एक लोखंडी फुगा असे. तो आधी दिव्याने तापवायचा, मग त्यात तेल गेलं की पेट घेई. एकदा चालू झालं की फुगा आपल्याच उष्णतेने तापलेला राही. पण काम नसताना नुसतं हळू चालू ठेवलं की थोडंसंच तेल जळे, फुगा निवे, आणि इंजिन बंद! मग पुन्हा दिवा लावा. युरोपातल्या मासेमारीच्या होड्यांवर पुढे अशी इंजिनं खूप वर्षं होती. जाळं ओढताना एक डोळा समुद्रावर आणि एक त्या फुग्यावर, असं चालायचं.

ही हॉर्न्सबी कंपनी १९१८ मध्ये लिंकनच्या रस्टन कंपनीशी एक झाली आणि 'रस्टन अँड हॉर्न्सबी' हे नाव तयार झालं. चिंचवडकरांनी इथे कान टवकारले असतील! हो, तेच रस्टन. त्या नावाचा इंजिनांचा कारखाना आपल्या चिंचवडला होता, पुढे तो ग्रीव्हजच्या नावाने ओळखला जाऊ लागला. कारखान्यावरची पाटी बदलली, तरी जुन्या माणसांच्या तोंडी अजून रस्टनच आहे.

रुडॉल्फ डिझेलने फुगा आणि दिवा दोन्ही काढून टाकले. नुसती हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावं, ही त्याची कल्पना. पेटंट १८९३ चं, आणि यशस्वी चाचणी १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला झाली. पण इंधन आत घालायला त्याला दाबलेल्या हवेचा मोठा पंप लागे. ते धूड होडीत किंवा मोटारीत मावणारं नव्हतं. ती अडचण सुटली १९२७ मध्ये, बॉशने इंधन फवारणारा छोटा पंप मोठ्या संख्येने करायला घेतला तेव्हा. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगळूरला मायको कंपनी निघाली, ती बॉशच्याच तंत्राने. नंतर नाशिकला सातपूरमध्येही तिचा कारखाना झाला. आजही जुना मेकॅनिक त्याला 'मायको पंप' असंच म्हणतो.

हा पंप किती बारीक माप घालतो माहीत आहे? होडीतलं साधारण इंजिन स्लोवर असताना एका वेळी एका सिलिंडरमध्ये जेमतेम मोहरीच्या चार दाण्यांएवढं डिझेल जातं. त्यात एका दाण्याची चूक झाली तरी इंजिन अडखळतं.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर केले. त्याच घराण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी १९४६ मध्ये खडकीला सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर विहिरीवर मोट जाऊन इंजिन आलं, गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, उसाचे चरक आले. पण विचार करा, ही सगळी कामं एकाच गतीची! सकाळी हँडल मारायचं, पाण्याची पाळी संपली की बंद करायचं. पंपाला रेस सोडण्याची वेळच येत नाही. आपली इंजिनं जमिनीवर वाढली, आणि एका गतीत चालायची सवय घेऊन वाढली.

मग ती समुद्रावर गेली. पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून (१९५१ ते १९५६) मासेमारीच्या होड्यांना यंत्र बसवायला सरकारने प्रोत्साहन द्यायला सुरुवात केली. केरळात नीण्डकरा इथे नॉर्वेच्या मदतीचा प्रकल्प आला, त्याचा करार १९५२ चा. आपल्या किनाऱ्यावर सातपाटीसारख्या गावांतून सहकारी संस्थांच्या आधाराने शिडाच्या होड्यांत यंत्रं बसू लागली. वाऱ्याची वाट बघणं संपलं. पण होडीचं काम पंपासारखं एका गतीचं नसतं. जायचं जोरात, जाळं टाकताना आणि ओढताना अगदी हळू, धक्क्याला लागताना गिअर काढून नुसतं धडधडत राहायचं, आणि खाडीच्या तोंडाशी लाट बघत थांबायचं. नेमक्या त्या क्षणी इंजिन बंद पडलं तर होडी आडवी होते, आणि आडव्या होडीला लाट माफ करत नाही. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तर ऊस एक दिवस तहानलेला राहतो. इथे माणसं जातात.

आणि आता ती होडी.

माझं माहेर दाभोळजवळचं. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथलं, समोर अंजनवेलचा गोपाळगड. १९८८ च्या मे महिन्यात आम्ही सुट्टीला गेलो होतो. शेजारचे तांडेलकाका संध्याकाळी आईकडे आले, ओटीवर बसले आणि म्हणाले, "जावईबापू मशीनचं काम करतात ना? आमचं मशीन बघतील काय?" दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, समुद्रात भरधाव चांगलं चालायचं. रेस सोडली की दोन-चार मिनिटांत कुथायचं, आणि बंद. आठ दिवसांपूर्वी खाडीच्या तोंडाशी वाळूच्या बांधावर लाटा फुटत होत्या, भरतीची वाट बघत हळू केलं आणि तिथेच बंद पडलं. नांगर लागला म्हणून चार माणसं घरी आली. त्या चारांत काकांचा सोळा वर्षांचा मुलगा होता. काकू तेव्हापासून त्याला होडीवर पाठवायला तयार नव्हत्या.

मेकॅनिकने नोझल बदललं होतं, पंप चिपळूणला नेऊन तपासून आणला होता. शेवटी त्याने स्क्रू पिळून स्लोची गतीच वाढवून ठेवली होती. हे अगदी नेहमीचं औषध! पण त्याने दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. वर गिअर टाकताना दणका बसू लागला तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी हे सकाळीच होडीवर जाऊन बसले. मी डबा द्यायला गेले आणि तिथेच थांबले, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

यांनी आधी नुसते प्रश्न विचारले. गिअरमध्ये असताना बंद पडतं की गिअर काढल्यावरही? दोन्ही. म्हणजे पंख्यात दोरी किंवा जाळं अडकलेलं नाही. डिझेलमध्ये पाणी? फिल्टरच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं. पाण्याचा थेंब नाही. मग एका डब्यात स्वच्छ डिझेल घेतलं, डबा इंजिनाच्या वर खुंटीला टांगला आणि त्याची रबरी नळी थेट पंपाला जोडली. हवा काढली, हँडल मारलं, आणि वाढवून ठेवलेली गती पुन्हा खाली आणली. अर्धा तास इंजिन घड्याळासारखं चाललं!

काका म्हणाले, "बरं झालं की!" हे म्हणाले, "बरं नाही झालं. एवढंच कळलं की इंजिन निर्दोष आहे, पंपही निर्दोष आहे. दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत आहे."

टाकी खाली होती, तिथून डिझेल ओढून घ्यावं लागे. ओढणाऱ्या वाटेतल्या सांध्याला फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून कुठे ओल दिसत नाही आणि सगळे फसतात. पुन्हा टाकीची नळी जोडली, इंजिन चालू केलं आणि हे एकेका सांध्यावर बोटाने ग्रीस थापत गेले. एक हात सांध्यावर, दुसरा इंजिनाच्या डोक्यावर टेकवलेला. फिल्टरवरच्या बोल्टाशी ग्रीस लागलं आणि अडखळणारं इंजिन सरळ झालं. त्या बोल्टाखाली तांब्याचा वायसर होता. तोच तो वायसर दर वेळी काढून पुन्हा बसवून कडक झाला होता, नीट दबत नव्हता.

नवा वायसर आणायचा तर दापोली गाठावी लागणार. यांनी तो वायसर घरी आणला, आईच्या चुलीतल्या निखाऱ्यावर लालबुंद केला आणि पाण्यात टाकला. लोखंड असं केलं की कडक होतं, तांबं मात्र मऊ पडतं. तापवून मऊ केलेला तोच वायसर पुन्हा बसवला. खर्च शून्य. होडी त्यानंतर रेस सोडल्यावर कधी बंद पडली नाही, असं काका पुढे कित्येक वर्षं सांगत. पोरगाही पुन्हा होडीवर जायला लागला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मला खरी आठवते ती वेगळीच गोष्ट.

चुलीपाशी हे वायसर तापवत बसले होते. आई मागून म्हणाली, "जावईबापू, चहा घेता?" उत्तर नाही. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हणाली. यांनी मान वळवली नाही. आई माझ्याकडे बघत राहिली, आणि मला एकदम होडीवरचा तो हात आठवला. इंजिनाच्या डोक्यावर टेकवलेला. काकांना आणि मला ठोका चुकलेला कानाने कळत होता. हे तो तळहाताने मोजत होते.

तोवर मला वाटायचं, माणूस अबोल आहे. दहा वेळा हाक मारली तर एकदा ओ देतात, स्वभाव असेल! वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराला कमी ऐकू येतं हे मला आठवड्यात कळायचं. स्वतःच्या घरात मात्र कळायला चौदा वर्षं लागली.

त्या रात्री मी विचारलं तेव्हा यांनी सांगितलं. टेस्टिंगच्या शेडमध्ये एका वेळी कितीतरी इंजिनं पूर्ण भारावर चालत. कानात कापसाचे बोळे घालायचे. पण एखादं इंजिन स्लोवर लावायची वेळ आली की बोळे काढावे लागत, कारण स्लो कानानेच लावायचा असे. ठोका सारखा पडतोय का, गती झुलतेय का, हे बारीक ऐकायला कान उघडे हवेत. आणि उघड्या कानांत शेजारच्या भरधाव इंजिनांचा आवाज घुसायचा. "बाजारात गेलेल्या आपल्या इंजिनाची स्लोची तक्रार येत नसे," एवढंच अभिमानाने म्हणाले.

कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. त्या काळी सगळीकडे असंच होतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात कळवणं सक्तीचं असलेल्या आजारांची यादी होती, आणि मोठ्या आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाचं नाव त्या यादीत होतं. हे मला खूप नंतर कळलं. यांचं कोणीच काही कळवलं नाही, यांनीही नाही. मी सांगून पाहिलं तर म्हणाले, "कानाचं कळलं तर टेस्टिंगमधून काढतील." मग मीही गप्प बसले. त्याची बोच अजून आहे.

आपल्या पट्ट्याचा इतिहास सांगताना आपण काय सांगतो? १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, टेल्को, बजाज, १९८२ मध्ये महापालिका झाली, पुढे चाकण वाढलं. कोणी किती गाड्या काढल्या याचे आकडे मिळतात. पण त्या गाड्या सिग्नलला शांतपणे उभ्या राहाव्यात म्हणून किती जणांनी कान वापरून संपवले, याचा आकडा मला कुठेच सापडला नाही. शाळेत मी कारखान्यातल्या कामगारांचीच मुलं शिकवली. पालकसभेत बाप मंडळी फार मोठ्याने बोलायची, तेव्हा मला तो उद्धटपणा वाटायचा. आता वाटतं, त्यातल्या कितीतरी जणांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नसेल.

आता स्लो लावायचं काम संगणक करतो. आणि विजेच्या गाडीला तर स्लोच नाही. आकुर्डीला जिथे पूर्वी धडधडणाऱ्या स्कूटर निघत, तिथे बजाजने २०२२ मध्ये विजेच्या चेतकचा कारखाना सुरू केला. म्हणजे आगबोटीसारखंच पुन्हा झालं म्हणायचं. थांबणं म्हणजे मरणं नव्हे! नव्या मुलांचे कान शाबूत राहतील, याचा मला मनापासून आनंद आहे.

निगडीहून परत आल्यावर हे खाली आले होते. आता ऐंशीला टेकलेत, कानात यंत्र असतं पण बहुधा खिशातच. नातवाने स्कूटर चालू केली. यांनी सवयीने सीटवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग नातवाला विचारलं, "चालू कर ना." तो म्हणाला, "आजोबा, चालूच आहे!" यांनी हात काढला नाही.

हा लेख टाकण्याआधी छापून यांना वाचायला दिला. आयुष्यभर मी वह्या तपासल्या, आता माझी वही तपासली गेली. लाल पेनाने दोन दुरुस्त्या आल्या. एक, वायसर लालबुंद नव्हे, नुसता लाल करायचा, नाहीतर वितळायचा. दुसरी, "अबोल आहे" याच्याखाली रेघ मारून समासात लिहिलंय, "तेही खरं."

तुमच्या घरात टेस्टिंगला, प्रेस शॉपला, फोर्जिंगला काम केलेलं कोणी असेल तर त्यांच्या आठवणी जरूर लिहून कळवा. आणि त्यांना हाक मारताना समोर जाऊन मारा.